एक ओळ वर

"सापडलं का रे?" दादाने फोनवर विचारलं. एवढं विचारतानाही त्याला मध्ये थांबून श्वास घ्यावा लागला.

"बघतोय, दादा. खात्री करून सांगतो."

फोन ठेवून धाकट्या भावाने पुन्हा तीच यादी उघडली. सकाळपासून कितव्यांदा, ते त्याचं त्यालाही माहीत नव्हतं. दर महिन्याचं एक फोल्डर, फोल्डरात त्या महिन्याच्या फाइली. यादी सरळ खाली जात होती आणि एका ठिकाणी जवळजवळ दोन वर्षं ओलांडून पुढे निघून जात होती. मधलं काहीच नव्हतं. आणि दादाला नेमकं मधलंच हवं होतं.

ऑफिसात त्याला खात्रीराव म्हणत. खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो; खात्रीरावचं तोंड कधी पोळलं नव्हतं, तरी तो पाणीसुद्धा फुंकून प्यायचा. घराला कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत जायचा आणि परत येऊन ते ओढून बघायचा. "लग्नाच्या वेळीसुद्धा दोनदा विचारून घेतलंत ना, हीच का ती म्हणून?" असं बायको चारचौघांत म्हणायची आणि चारचौघे हसायचे. तोही हसायचा. आपण चुकत नाही याचा त्याला आतून थोडा अभिमान होता, आणि असा अभिमान असलेल्या माणसाला हसायला काही जात नाही.

कारखाना दगडाची पूड करायचा. ती पूड काचेला, रंगाला, आणखी कशाकशाला लागायची. जिथे दगड दळला जाई त्या भागाला सगळे चक्की म्हणत. दादाचं सगळं तरुणपण चक्कीत गेलं. वडील लवकर गेले तेव्हा धाकट्याला शिकवायचं म्हणून तो शाळा सोडून तिथे उभा राहिला, आणि धाकटा शिकून त्याच कारखान्यात, पण काचेच्या आत, थंड हवेत, संगणकासमोर बसला. "मी उभा राहिलो, तू बस," दादा म्हणायचा. त्यात टोमणा नसायचा, कौतुकच असायचं.

चक्कीच्या भिंतींवर धूळ मोजणारी यंत्रं होती. दर पाव तासाला ती आकडा पाठवत आणि तो डेटाबेसमध्ये जमा होई. डेटाबेस फुगला की सगळ्यांचीच कामं रखडत, म्हणून पाच वर्षांपलीकडचे आकडे दर महिन्याच्या पहिल्या तारखेला बाहेर काढायचे, एका मोठ्या डिस्कवर फाइली करून ठेवायचे आणि मग डेटाबेसमधून पुसायचे. हे सगळं एक स्क्रिप्ट करायची. स्क्रिप्ट म्हणजे यंत्राला लिहून दिलेली कामं, वरून खाली, एकामागून एक. ती खात्रीरावने लिहिली होती. त्याच्या स्वभावासारखीच होती. आधी विचारायची, डिस्क जागेवर आहे का, म्हणजे तिच्या नावाचं फोल्डर दिसतंय का? नसेल तर थांब. महिन्याचं फोल्डर आहे का? नसेल तर थांब. मग फाइल लिही. फाइल खरंच झाली का, रिकामी तर नाही ना? असेल तर थांब. आणि सगळं नीट असेल तरच पूस.

आता दादाच्या फुफ्फुसांत दगड झाला होता. डॉक्टरांनी वेगळ्या शब्दांत सांगितलं, पण घरी सगळे असंच म्हणत. हा आजार चक्कीच्या धुळीचाच, असं एकदा लवादाने मान्य केलं की आयुष्यभराचं औषधपाणी कारखान्याकडे, आणि दादामागे वहिनीला आधार. कारखाना म्हणत होता, धूळ मर्यादेत होती. दादा म्हणत होता, जवळजवळ दोन वर्षं धूळ ओढणारे पंखे बंद होते, समोरचा माणूस दिसत नव्हता. कोण खरं, ते आकडे सांगणार होते. दादा सगळ्यांना धीर द्यायचा, "काळजी करू नका. आकडे माझ्या भावाकडे आहेत." सगळे म्हणजे चक्कीतले उरलेसुरले. त्यांचे दावे दादाच्या निकालावर अडून होते.

दुपारी खात्रीरावने स्क्रिप्ट उघडली. स्वतःचंच अक्षर वाचावं तशी वरून खाली वाचू लागला आणि सगळ्यात वरच्या ओळीवर थांबला. ती ओळ मूळची नव्हती. ती मागाहून घातलेली होती, आणि कधी, कुठे बसून, हे त्याला लख्ख आठवत होतं.

दादाला पहिल्यांदा दवाखान्यात नेलं तो दिवस होता. महिन्याची पहिली तारीख. पुढच्या महिन्याचं फोल्डर हाताने बनवून ठेवायचं त्या गडबडीत राहून गेलं, स्क्रिप्टने विचारलं, फोल्डर आहे का, आणि नियमाप्रमाणे थांबून राहिली. डेटाबेस तुंबला. ऑफिसातून फोनवर फोन. आत दादाच्या तोंडावर प्राणवायूचा मास्क चढवलेला, वहिनी भिंतीला टेकून उभी, आणि याच्या खिशात फोन थरथरतोय. शेवटी त्याने बाकावर बसून लॅपटॉप उघडला आणि एक ओळ घातली. फोल्डर नसेल तर बनव, आणि त्याच्या वरचं फोल्डर नसेल तर तेही बनव. पुन्हा कधी अडायला नको. ओळ त्याने सगळ्यात वर ठेवली.

एक ओळ खाली ठेवली असती तरी चाललं असतं. डिस्क आहे का, हे विचारून झाल्यावर. ती वर गेली, आणि यंत्र आधी फोल्डर बनवायचं आणि मग विचारायचं, डिस्क आहे का, फोल्डर आहे का? आपणच दार उघडायचं आणि मग दार उघडं आहे का म्हणून बघायचं, तसं. उत्तर कायम होच येणार. पुढे कधीतरी खोलीला रंग दिला तेव्हा रंगाऱ्याच्या शिडीने डिस्कची वायर निघाली असावी. डिस्क नव्हती, पण यंत्राने त्याच नावाचं फोल्डर आपल्याच पोटात बनवलं, बघितलं, आहे म्हणालं, फाइल लिहिली, फाइलही आहे म्हणालं, आणि डेटाबेसमधून आकडे पुसले. दर महिन्याला असंच. दर महिन्याला खात्रीरावला निरोप यायचा, सर्व ठीक. मग ते जुनं यंत्र बदललं. नव्या यंत्राला डिस्क व्यवस्थित जोडली, आणि जुन्याचं पोट नियमाप्रमाणे साफ करून ते भंगारात गेलं. साफ केल्याची खात्री त्यानेच केली होती.

तो बराच वेळ त्या ओळीकडे बघत बसला. ओरडावं, रडावं असं काही झालं नाही.

"मिळालं?" मोठे साहेब दारात उभे होते.

"नाही, साहेब."

"म्हणजे कुठे दुसरीकडे..."

"कुठेच नाही. माझी चूक आहे." त्याने सगळं सांगितलं. साहेब ऐकत खुर्चीत बसले. त्यांचा चेहरा गंभीर होता. खांदे मात्र सैल पडले, ते खात्रीरावने पाहिलं.

"चुका होतात हो," साहेब म्हणाले. "माणूसच आहात. लवादापुढे सरळ सांगा. तांत्रिक चूक, मुद्दाम कोणी केलेलं नाही. चहा घेणार?"

एवढ्या मायेने साहेब त्याच्याशी कधीच बोलले नव्हते. वाईट माणूस नव्हता तो. पण ती माया त्याला शिवीपेक्षा जास्त लागली.

संध्याकाळी तो दादाकडे गेला. दादा खिडकीशी बसला होता, नाकात नळी, शेजारी प्राणवायूच्या यंत्राची घरघर. पलंगाच्या कडेवर पहिलवान बसला होता. चक्कीतला जुना गडी. एकेकाळी पोतं एका हाताने उचलायचा म्हणून पडलेलं नाव. आता शर्टाच्या बाहीत हात शोधावा लागला असता. पण नाव कोणी बदललं नाही.

"आले आकडेवाले," पहिलवान म्हणाला. "वहिनी, चहा टाका. आज गोड बातमी आहे."

"नाहीयेत," खात्रीराव म्हणाला. तो बसलाही नव्हता. "आकडे गेले, दादा. नाहीयेत कुठे."

स्वयंपाकघरात कप ठेवल्याचा आवाज झाला.

"गेले म्हणजे?" दादाने विचारलं.

त्याने समजावून सांगितलं. डिस्क, फोल्डर, ओळ, रंगारी. त्याचं त्यालाच ते लटकं वाटत होतं. नेमकी तीच दोन वर्षं. रंगाऱ्याची शिडी. दुसऱ्या कोणी हे सांगितलं असतं तर त्याने स्वतःही विश्वास ठेवला नसता. दवाखान्यातला बाक मात्र त्याने सांगितला नाही. ओळ कधीतरी घातली होती, एवढंच म्हणाला. ते सांगणं म्हणजे आपल्या डोक्यावरचं ओझं अर्धं दादाच्या डोक्यावर ठेवणं झालं असतं, आणि दादाला स्वतःचा श्वास पेलवत नव्हता.

"कुंपणानेच शेत खाल्लं म्हणायचं," पहिलवान भिंतीकडे बघत म्हणाला.

"गप रे." दादा त्याच्यावर खेकसला आणि त्यापायी त्याला खोकल्याची उबळ आली. ती जाईपर्यंत दोघेही थांबले. मग दादा हळू आवाजात म्हणाला, "कोणी सांगितलं तुला?"

"कोणी नाही. माझ्याच हातून झालं."

"तुझ्या हातून?" दादाने त्याच्याकडे पाहिलं. "तुझ्या हातून आजवर कप फुटला नाही. धमकी दिली का? नोकरी जाईल म्हणाले? तसं असेल तर सांग. मी रागावणार नाही."

"खरंच कोणी नाही, दादा."

वहिनी चहा घेऊन आली. कोणी कप उचलला नाही. ती म्हणाली, "भावजी, दुपारी वकीलबाईंचा फोन होता. आकडे अजून मिळत नाहीत म्हटलं मी, तर त्या म्हणाल्या, कंपनीने पुसायला लावले असतील तर आपलं जमेल. पुसायला लावले म्हणजे पुसण्यासारखं काहीतरी होतं, असं धरतात म्हणे."

"आणि चुकून गेले असतील तर?"

"तर नाही म्हणाल्या."

दादा खिडकीबाहेर बघत होता. मग तसाच बाहेर बघत म्हणाला, "साहेबांनी सांगितलं होतं म्हण."

"दादा..."

"ऐक. पंखे बंद होते, हे खोटं आहे का? मी त्या धुळीत उभा होतो, हे खोटं आहे? हा," त्याने पहिलवानाकडे बोट केलं, "हा उभा होता, हे खोटं आहे? सगळं खरं आहे. त्यात एक शब्द खोटा. एवढ्या खऱ्यासाठी एक चालवून घे."

दादाने आयुष्यात त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं. पहिल्या पगारातून घेतलेला शर्टसुद्धा त्याने धाकट्यालाच परत दिला होता, मला कुठे घालायचाय चक्कीत, म्हणून.

"बरं," खात्रीराव म्हणाला.

घरी बायको वाट बघत होती. तिला आधीच सगळं कळलेलं होतं. वहिनीने फोन केला होता.

"मग काय सांगणार तुम्ही?"

"दादा म्हणतो तसं."

"जमेल?" तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "परवा शेजारणीने केक कसा झालाय विचारलं, तर मध्ये कच्चा आहे म्हणालात. तिच्या वाढदिवसाला."

"कच्चा होता."

"होता हो. तेच म्हणते मी." ती हसली नाही. "पण जमवा. वहिनींकडे बघवत नाही."

त्याने जमवायचं ठरवलं. सुनावणीपर्यंतचे दिवस तो मनात घोकत होता. आणि घोकताना त्याला एक आधारही सापडला. साहेब एकदा खरंच म्हणाले होते, रोज काहीतरी अडलं म्हणून माझ्याकडे तक्रार नको. म्हणजे सांगितलंच होतं की एका अर्थी. अडू देऊ नको, असं सांगणं आणि पुसून टाक, असं सांगणं, यांत अंतर किती, हे मोजायला तो बसला नाही. मोजायला बसला असता तर संपलंच असतं. आंघोळ करताना, बसमध्ये, जेवताना तो ओठ न हलवता म्हणून बघायचा, साहेबांच्या सांगण्यावरून. साहेबांच्या सांगण्यावरून. होता होता शब्द गुळगुळीत झाले.

लवादाचं ऑफिस एका जुन्या सरकारी इमारतीत वरच्या मजल्यावर होतं. खोलीत लांब टेबल, एका बाजूला कारखान्याचे वकील आणि मोठे साहेब, दुसऱ्या बाजूला वकीलबाई आणि दादा. दादासोबत चाकं असलेल्या ढकलगाडीवर प्राणवायूची छोटी टाकी होती आणि तिची नळी नाकापर्यंत. मागच्या खुर्च्यांवर पहिलवान आणि चक्कीतले बाकीचे. सगळ्यांनी इस्त्रीचे कपडे घातले होते, आणि खोकला आला की सगळे तोंडावर हात धरून, शाळेतल्या मुलांसारखे, आवाज दाबत होते. लवादाचे अधिकारी वयस्क होते. त्यांचा आवाज मऊ होता आणि कानाला यंत्र होतं.

वकीलबाईंनी आधी विचारलं. नाव, हुद्दा, किती वर्षं नोकरी. मग नेमकं तेच.

"ही ओळ तुम्ही कोणाच्या सांगण्यावरून घातली?"

"साहेबांच्या सांगण्यावरून," खात्रीराव म्हणाला.

जमलं होतं. आवाजही हलला नाही. मागे खुर्च्यांवर हालचाल झाली. दादाने डोळे मिटले आणि श्वास सोडला. मोठे साहेब चकित होऊन त्याच्याकडे बघत राहिले; रागाने नव्हे, नीट ऐकू न आल्यासारखे. वकीलबाई खाली बसल्या.

कारखान्याचे वकील उठणार तेवढ्यात अधिकाऱ्यांनी हात वर केला. "एक मिनिट. मला यातलं कळत नाही. मला जरा समजावून सांगा. ही ओळ करते काय?"

एवढंच विचारलं असतं तर कोणीही दोन वाक्यांत उडवून लावलं असतं. पण खात्रीरावला कोणी कामाचं विचारलं की त्याला अर्धं सांगता येत नसे. त्याने सांगितलं. आधी विचारायचं असतं, मग बनवायचं असतं. ओळ वर गेल्यामुळे आधी बनवलं जातं आणि विचारण्याला अर्थच उरत नाही. डिस्क निघाली तरी यंत्राला कळत नाही. त्याने हाताने टेबलावर वर-खाली करून दाखवलं. अधिकारी मान हलवत होते.

"म्हणजे वायर निघाली नसती, तर ही ओळ असूनही काही गेलं नसतं?"

"नसतं, साहेब."

"आणि वायर निघणार हे ओळ घालताना कोणाला माहीत होतं?"

"नाही. ते नंतरचं."

"हं." अधिकारी थोडे पुढे झुकले. "आकडे मुद्दाम घालवायचे असते, तर तुम्ही कसे घालवले असते?"

वकीलबाई उठल्या, पण तोवर त्याने उत्तर दिलं होतं. "सरळ पुसले असते. एका ओळीत होतं."

"मग पुसायचं म्हणून ही ओळ घालायला तुमच्या साहेबांनी का सांगितलं असेल?"

खोलीत कोणी खोकलं नाही. खात्रीरावने तोंड उघडलं. घोकलेलं सगळं जागेवर होतं, पण त्याच्या आधी जे बोलून झालं होतं, त्यानंतर ते कुठे ठेवायला जागाच नव्हती. त्याने दादाकडे पाहिलं. दादाचे डोळे आता उघडे होते.

"साहेबांनी नाही सांगितलं," तो म्हणाला. "मीच घातली."

"का?"

"फोन येत होते म्हणून."

"कुठे होतात तुम्ही?"

"दवाखान्यात. दादाला तेव्हा पहिल्यांदा नेलं होतं. काम अडलं की सारखे फोन यायचे. मला त्याच्यापाशी बसायचं होतं. पुन्हा अडू नये म्हणून घातली." आणि मग, कोणी विचारलं नसताना, तो म्हणाला, "आधीचं मी खोटं बोललो. साहेबांची माफी मागतो."

तेलही गेलं, तूपही गेलं. खरंच बोलायचं होतं तर पहिल्यांदाच बोलायचं. निदान खरेपणा तरी पदरात पडला असता. आता खोटं बोलूनही दादाच्या उपयोगी पडला नाही, आणि खरं बोलला ते पकडला गेल्यावर. कारखान्याच्या वकिलांना काही विचारायची गरजच उरली नाही. ते कागद नीट लावत बसले.

अधिकाऱ्यांनी चष्मा पुसला. त्यांना वाईट वाटलेलं दिसत होतं आणि ते त्यांच्या काही कामाचं नव्हतं. त्यांनी शेजारच्या टंकलेखकाला सांगितलं, नोंदी उपलब्ध नाहीत. त्या हेतुपुरस्सर नष्ट केल्याचं दिसत नाही. धुळीचं प्रमाण मर्यादेबाहेर होतं, हे त्यामुळे सिद्ध होत नाही. एवढं सांगून ते दादाला म्हणाले, "तब्येतीला जपा." दादाने मान हलवली.

बाहेर लिफ्टपाशी चक्कीतले सगळे उभे होते. शिव्या दिल्या असत्या तर खात्रीरावला बरं वाटलं असतं. पहिलवानाने लिफ्टचं दार पायाने अडवून धरलं आणि दादाला म्हणाला, "चल. जागा केलीय तुला."

दादाने त्यांच्याकडे पाहिलं. इस्त्रीचे कपडे, उघडी तोंडं, श्वास. यांनाच तो म्हणत आला होता, आकडे माझ्या भावाकडे आहेत. तो वळला आणि जिन्याकडे चालू लागला.

"अरे, जिना कसला, वेड लागलं का?" पहिलवान म्हणाला. दादा थांबला नाही. पहिलवानाने खात्रीरावकडे न बघता पाय काढून घेतला, आणि दार मिटलं.

खात्रीराव टाकी घेऊन धावला. ढकलगाडी पायऱ्यांवरून जाईना, म्हणून त्याने ती कोपऱ्यात सोडली आणि टाकी काखेत मारली. दादाने कठडा धरला होता. खात्रीरावने हात पुढे केला; दादाने तो पाहिला आणि धरला नाही. एक पायरी उतरला. थांबला. दुसरी उतरला. नळी दोन हात लांब होती. दादाला त्याच्यापासून दूर जायचं असतं तरी तेवढंच जाता आलं असतं. खात्रीराव एक पायरी खाली, दादाकडे तोंड करून, उलटा उतरू लागला. दादा पडला असता तर त्याच्या अंगावर पडला असता.

पहिल्या वळणावर दादा पायरीवर बसला. छातीचा भाता वरखाली होत होता, ओठ जांभळट दिसत होते. खात्रीराव खालच्या पायरीवर टाकी मांडीवर घेऊन बसला. टाकीचा काटा त्याने पाहिला. तो खाली आला होता. एक माणूस फाइली घेऊन वर आला, दोघांना ओलांडून निघून गेला.

"त्या दिवशी," दादा म्हणाला, आणि श्वास येईपर्यंत थांबला. "काचेतून दिसत होतास तू मला. बाकावर. मान खाली घालून टकटक करत होतास."

"हो."

"मला राग आला होता. म्हटलं, मी मरतोय, आणि हा काम करतोय."

"दोनच मिनिटं केलं, दादा. मग फोन बंद करून टाकला. मग बसलो होतो."

"तेव्हा मला झोप लागली असेल."

"हो. तू झोपला होतास."

दादाने क्षमाही केली नाही आणि तो रागावलाही नाही. तेवढा श्वास त्याच्यात नव्हता. खालून दार आपटल्याचा आवाज आला, मग चक्कीतल्यांची चाहूल, खोकले, आणि तेही रस्त्याकडे निघून गेले. खात्रीरावने टाकीची नळी सरळ केली.

"चल," दादा म्हणाला. त्याने कठड्याला धरून स्वतःला उभं केलं आणि पुढची पायरी बघून पाय टाकला. खात्रीरावही उठला, टाकी पोटाशी धरली आणि एक पायरी मागे गेला. अजून दीड मजला उरला होता. दादा एक पायरी उतरायचा, तो एक पायरी मागे सरकायचा, आणि मधली नळी ताणली जाऊ नये एवढंच तो बघत होता.